नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात पीएचडी: बडोद्यात कितपत जमेल?

वाघोडिया_रोड

नमस्कार. बडोद्यातल्या एका विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत उच्च माध्यमिकला शिकवते. एम.ए. ५८ टक्के, एम.एड. ६१ टक्के, जीसेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची गुजरातची पात्रता परीक्षा) झालेली आहे. शाळा सकाळी ७ ते दुपारी १:३०, पगार ३५ हजारांच्या आसपास. शिक्षणशास्त्रात पीएचडी करायचं बरेच दिवस मनात आहे, पण नोकरी सोडणं शक्य नाही.

अर्धवेळ पीएचडी खरोखर चालते का, की नुसती कागदावर असते? जीसेट असताना पुन्हा नेट (तशीच देशपातळीवरची परीक्षा) द्यायची का? आठवड्याला किती तास धरायचे? पुढे बी.एड. कॉलेजात जायची इच्छा आहे, जमलं तर प्राचार्यपदापर्यंत. आणि एक गृहस्थ "घरबसल्या, दोन वर्षांत, थीसिससकट" करून देतो म्हणतायत. त्यांना टाळायचं हे कळतंय, पण नेमकं कुठे चुकतंय ते समजून घ्यायचंय.

जावक_क्रमांक

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पैसे तिथेच बुडतात.

यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) सध्याची पीएचडी नियमावली ७ नोव्हेंबर २०२२ ची. तिच्यात अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, पण दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएचडी द्यायला साफ मनाई आहे. दलाल लोक या दोन गोष्टी मुद्दाम एकात एक कालवतात. अर्धवेळ म्हणजे वेळ कमी, हजेरी माफ नव्हे. कोर्सवर्क (सुरुवातीचा वर्गातला अभ्यासक्रम), दर सत्राला सल्लागार समितीपुढे सादरीकरण, शेवटची मौखिक परीक्षा, हे सगळं पूर्णवेळवाल्यासारखंच. शिवाय किमान मुदत कोर्सवर्क धरून ३ वर्षं आहे, म्हणजे "दोन वर्षांत" हे शब्द ऐकले की तिथेच नमस्कार करावा. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन विद्यापीठांना पीएचडीचे नियम न पाळल्यामुळे पुढची ५ वर्षं नवे प्रवेश द्यायला बंदी केली. अशा ठिकाणची पदवी घेऊन मुलाखतीला गेलात, तर छाननीत पहिला प्रश्न हजेरी आणि कोर्सवर्कच्या तारखांचा येतो. त्या तारखांना तुम्ही बडोद्यात शाळेच्या हजेरीपटावर सह्या करत होता, हे शाळेचं दप्तरच सांगतं.

आता नेट. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट पडतात: जेआरएफसह (म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीसह), सहायक प्राध्यापक अधिक पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्यांचे नेटचे गुण ७० टक्के आणि मुलाखत ३० टक्के असा हिशेब होतो, आणि ते गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. विद्यापीठ स्वतःची प्रवेश परीक्षा घेत असेल तर तिथे निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर, निम्मे विषयावर. जीसेट आपल्या म. स. (महाराजा सयाजीराव) विद्यापीठाकडूनच घेतली जाते, पण ती मुळात सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी आहे. पीएचडीच्या प्रवेशात तिच्यावर सूट आहे का, हे ज्या विद्यापीठात अर्ज करणार त्याच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघायचं. एखाद्याने मागच्या वर्षीचं पीडीएफ पाठवलं तर त्यावर विसंबू नका. नेटमध्ये शिक्षणशास्त्राचा क्रमांक ०९. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, दोन्ही मिळून ३ तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जीसेट पास झालेल्याला अभ्यासक्रम नवीन वाटणार नाही, तेव्हा देऊन टाका.

तुमच्या प्रकरणात खरी गाठ आहे ती ना हरकत प्रमाणपत्राची. नियमावलीत त्यासाठी तीन गोष्टी लिहिल्या आहेत आणि पत्रात त्या तिन्ही यायला हव्यात. एक, उमेदवाराला अर्धवेळ पीएचडी करायला परवानगी आहे. दोन, नोकरीच्या कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल. तीन, गरज पडल्यास कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी कामातून मोकळं केलं जाईल. पहिल्या दोन वाक्यांना शाळा सही देते. तिसऱ्यावर पेन थांबतं.

पत्र संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारखेसह, सही नेमणूक करणाऱ्याची, म्हणजे बहुतेक ट्रस्टच्या मंत्र्यांची (सचिवांची). नुसत्या आचार्यांच्या (मुख्याध्यापकांच्या) सहीचं पत्र परत येऊ शकतं. मध्ये नोकरी बदललीत तर नव्या मालकाचं नवं पत्र लागतं. लोक हे विसरतात आणि प्रबंध जमा करायच्या वेळी धावाधाव होते.

कोर्सवर्क किमान १२ आणि कमाल १६ क्रेडिटचं. एका क्रेडिटला १५ तास धरले तर १२ क्रेडिटचे १८० तास वर्गात. त्यातले २ क्रेडिट संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतिनियमांचे, ते सगळ्यांना सक्तीचे. एकूण ५५ टक्के मिळाले नाहीत तर पुढे जाता येत नाही. विभागाचे तास दुपारी असतील तर तुमचं सकाळच्या शाळेचं वेळापत्रक नशीबवान आहे, १:३० ला सुटून फतेहगंजकडे पोचता येईल. तास सकाळी ११ ला लागले तर एक सत्र बिनपगारी रजा, ३५ हजार गुणिले ६, म्हणजे २ लाख १० हजार. फीची चौकशी सगळे करतात. हा आकडा कुणी मांडत नाही.

ट्रेनिंग_कॉलेज

जावक_क्रमांक यांनी प्रवेशाचं नीट सांगितलं. मी पदवीनंतरचं सांगते, कारण "बी.एड. कॉलेज, मग प्राचार्य" या वाटेत एक खड्डा आहे आणि शाळेतल्या शिक्षकांना तो उशिरा दिसतो.

बी.एड. कॉलेजात शिकवायला पीएचडी लागतच नाही. जुलै २०२३ च्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट आहे, पीएचडी ऐच्छिक. तुमच्याकडे ५५ टक्क्यांवरची एम.ए., ५५ टक्क्यांवरची एम.एड. आणि जीसेट आहे. म्हणजे गुजरातपुरता तुम्ही आज अर्ज करू शकता.

प्राचार्यपदाला मात्र एनसीटीईच्या (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमावलीप्रमाणे शिक्षणशास्त्रातली किंवा अध्यापनाच्या विषयातली पीएचडी हवी आणि त्यासोबत माध्यमिक शिक्षक-शिक्षण संस्थेत शिकवण्याचा ८ वर्षांचा अनुभव. शाळेतली वर्षं त्यात धरत नाहीत. शाळेत राहून ६ वर्षांत पीएचडी केलीत तरी हातात पदवी असेल आणि अनुभवाच्या रकान्यात शून्य. आधी बी.एड. कॉलेजात नोकरी धरून तिथून पीएचडी केली तर दोन्ही घड्याळं एकाच वेळी चालतात. पगार सुरुवातीला कमी मिळण्याची शक्यता आहे, त्याचा विचार करा, पण क्रम असा ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

दुसरं, नव्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत एकट्या-दुकट्या बी.एड. कॉलेजांनी बहुविद्याशाखीय संस्था व्हायचं आहे आणि ४ वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम पुढे येतोय. नोकरी शोधताना कॉलेज कुठल्या विद्यापीठाच्या आवारात आहे, शेजारी कला-विज्ञान शाखा आहेत का, हे बघा. दोन खोल्यांत चालणाऱ्या कॉलेजात ८ वर्षं पुरी होतील याची खात्री धरू नका.

अनुदानित शाळेचं आचार्यपद हे ध्येय असेल तर रस्ता वेगळा आहे, तिथे एचमॅट, म्हणजे मुख्याध्यापकपदाची अभियोग्यता परीक्षा. त्यासाठी पीएचडीत ५-६ वर्षं घालवायची गरज नाही. आणि आताच्याच शाळेत राहायचं असेल तर स्पष्ट बोलते: डॉक्टर झाल्यावर शाळा तुमचं नाव माहितीपत्रकात ठळक छापेल. पगारपत्रकात ते आहे त्याच ओळीत राहील.

अकोटा_ब्रिज

एक भर. प्रबंधाआधी दोन शोधनिबंध छापलेले लागतात, तेही केअर यादीतल्या (यूजीसीने मान्य केलेल्या) नियतकालिकात. त्याची वेळ आणि पैसे आधीच धरा.

जावक_क्रमांक

अकोटा_ब्रिज, ही २०१६ ची अट आहे, आणि तीही अशी नव्हती. तेव्हा एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं होती. २०२२ च्या नियमावलीत यूजीसीने प्रकाशनाची सक्ती काढली. केअर यादीसुद्धा यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं. विद्यापीठ स्वतःच्या अध्यादेशात प्रकाशनाची अट ठेवू शकतं, म्हणून अध्यादेश वाचायचा. पण "केअरमध्ये छापून देतो, १२ हजार" असे मेसेज अजून फिरतायत, त्यांना भुलू नका.

शोधगंगेकाठी

मार्गदर्शकाबद्दल कुणीच बोललं नाही. अर्धवेळवाल्याचं तारू बहुतेक इथेच लागतं किंवा फुटतं.

नियमाने प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे विभागात १० नावं दिसली तरी तुमच्या वर्षी जागा असलेली दोन-तीनच असतात. म. स. विद्यापीठाचं केस (CASE), म्हणजे यूजीसीने १९६३ मध्ये सुरू केलेलं शिक्षणातलं प्रगत अभ्यास केंद्र, देशभरातून अर्ज येणारं ठिकाण. भारतातल्या शैक्षणिक संशोधनाचं पहिलं मोठं सर्वेक्षण १९७४ मध्ये एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली इथूनच निघालं. त्या परंपरेमुळे तिथल्या मुलाखतीत "मला शिक्षणाची आवड आहे" एवढ्यावर भागत नाही, विषय घट्ट लागतो.

माणूस कसा ओळखायचा? शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जा. ती चालवणारं इनफ्लिबनेट गांधीनगरातच आहे, आणि संकेतस्थळ सगळ्यांना फुकट. मार्गदर्शकाच्या नावाने शोध घ्या. प्रत्येक प्रबंधाच्या तुकड्या-तुकड्यांच्या फायली असतात, ०१ मुखपृष्ठ, ०२ प्रमाणपत्र अशा. आधी प्रमाणपत्राची फाईल उघडा. नोंदणीची तारीख आणि सादर केल्याची तारीख मिळाल्या तर वजाबाकी करा. एकाच मार्गदर्शकाच्या पाच विद्यार्थ्यांना सात-सात वर्षं लागली असतील तर तुम्हाला चार लागणार नाहीत. मग ऋणनिर्देश वाचा. तिथे लोक शाळेचं, नवऱ्याचं, रजेचं सगळं लिहितात, त्यावरून किती जण नोकरी करणारे होते ते कळतं. सगळ्यात शेवटी परिशिष्ट: प्रश्नावली स्वतः तयार केलेली आहे की तयार चाचणी विकत आणून वाटली आहे? पाचही प्रबंधांत तीच वृत्ती-मापनी दिसली तर काय ते समजा.

मग भेट मागा. तिथे विचारायचं ते असं: सादरीकरणं कुठल्या वारी असतात, मसुद्याचं एक प्रकरण वाचायला साधारण किती दिवस लागतात, आणि नोकरी करणारे आधीचे विद्यार्थी सध्या कुठल्या टप्प्यावर आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर आदराने चहा पिऊन निघा.

तासांचं विचारलंत. आठवड्याला ८ ते १० खरे तास धरा. खरे म्हणजे टेबलाशी बसलेले, "वाचायचं डोक्यात होतं" हे तास धरायचे नाहीत. वर्षातले ४ आठवडे परीक्षा आणि लग्नसराईला वजा केले तरी ४०० च्या आसपास तास होतात. ५ वर्षांत २ हजार. काम तेवढ्यात बसतं, अट एवढीच की दोन-दोन तासांचे सलग तुकडे हवेत. वीस मिनिटांच्या तुकड्यात संदर्भ नोंदवता येतात, प्रकरण लिहिता येत नाही. बहुतेक शिक्षक शनिवार दुपार आणि रविवार सकाळ राखून ठेवतात. विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीचं सदस्यत्व नोंदणीसोबतच करून घ्या. सरकारी विद्यापीठात नोंदणी असली तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्राच्या योजनेतून जवळपास १३ हजार नियतकालिकं वाचता येतात. एकेका लेखाला पैसे मोजत बसू नका.

मुदतीचं गणितही सांगतो: कमाल ६ वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी २. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २, म्हणजे सगळं मिळून १० च्या पुढे नाही. शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. मुदतवाढीची सवलत शेवटासाठी राखून ठेवायची असते, पहिल्या वर्षीच हिशेबात धरू नये.

वाघोडिया_रोड

खूप आभार सगळ्यांचे. ८ वर्षांच्या अनुभवाची गोष्ट माहीत नव्हती, तिने बराच विचार बदलला.

विषय दोन डोक्यात आहेत. एक, "वडोदरा शहरातील माध्यमिक शिक्षकांच्या व्यावसायिक समाधानाचा अभ्यास". दुसरा, घरी मराठी बोलणारी मुलं शाळेत गुजराती लिहायला शिकताना काय चुका करतात. पहिला सोपा वाटतो, दुसरा आवडतो. शाळेच्या वेळेमुळे दुसऱ्या शाळांत जाऊन माहिती गोळा करणं कितपत जमेल?

सरासरीचा_शत्रू

पहिला सोपा वाटतो कारण शोधगंगेवर तो विषय शहराचं नाव बदलून ढीगभर वेळा झालाय. मुलाखतीत "यात नवीन काय?" विचारलं की पुढे बोलता येत नाही. त्यात शिक्षक अशा प्रश्नावल्या स्टाफरूममध्ये चहाबरोबर भरतात, एकाचं बघून दुसरा. सगळ्यांचं समाधान "बऱ्यापैकी".

दुसरा घ्या. बडोद्यातच होऊ शकेल असा विषय आहे. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधल्या सगळ्या शाळांना, बोर्ड कुठलंही असो, पहिली ते आठवी गुजराती शिकवणं सक्तीचं केलं. त्यामुळे मराठी घरातली मुलं इंग्रजी शाळेत जाऊन तिसरी लिपी म्हणून गुजराती शिकतायत. चुकांचा साठा तर डोळ्यांसमोर आहे: देवनागरीचा हात बसलेलं मूल गुजराती शब्दावर शिरोरेघ ओढतं, एखादं अक्षर देवनागरीतलंच ठोकून देतं, आणि शब्दांत तर गंमतच. "नवरो" म्हणजे गुजरातीत रिकामा, कामधंदा नसलेला. मराठी मूल त्याचा अर्थ काय लावेल ते सांगायला नको. (मोठ्यांचंही यावर फारसं दुमत नसावं.)

पण "चुका" हा शब्द विषयात ठेवून भागणार नाही. तो मोजायचा कसा हे आधी ठरवा. एक इयत्ता धरा, चौथी किंवा पाचवी. तीन प्रकारचं लेखन घ्या: श्रुतलेखन ३० शब्द, चित्र पाहून ५ ओळी, आणि देवनागरीतून गुजरातीत उतरवायचे १५ शब्द. चुकांचे गट आधीच बांधा: लिपीच्या, काना-मात्रा-वेलांटीच्या, जोडाक्षराच्या, शब्दार्थाच्या, लिंग-विभक्तीच्या. मग ३० वह्या दोन वेगवेगळ्या शिक्षकांकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या आणि गट जुळतात का पहा. दोघांचं जुळत नसेल तर व्याख्या ढिल्या आहेत, त्या आवळा. ही पायरी गाळली की मौखिक परीक्षेत बाहेरचा परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतो.

तुलनेसाठी घरी गुजराती बोलणाऱ्या मुलांचा गट हवाच. नाहीतर जी चूक सगळीच मुलं करतात ती तुम्ही मराठीच्या माथी माराल.

आता नमुना. लोक क्रेजसी-मॉर्गनचा १९७० चा, नमुना किती मोठा घ्यायचा ते सांगणारा तक्ता काढतात, १००० मुलांतून २७८, आणि निर्धास्त होतात. तो तक्ता एकेक मूल चिठ्ठी टाकून निवडल्यावर लागू पडतो. तुम्ही तर अख्खे वर्ग घेणार. एका वर्गातली मुलं एकाच बाईंकडून शिकलेली, त्यामुळे त्यांच्या चुकाही एकमेकांसारख्या. समजा ४० मुलांचा वर्ग आहे आणि वर्गांतर्गत साम्य ०.१ आहे. तर १ अधिक ३९ (वर्गातली बाकीची मुलं) गुणिले ०.१, म्हणजे ४.९. तुमच्या ४०० मुलांना ४.९ ने भागा, हाती ८२ मुलांइतकीच माहिती उरते. म्हणून ४ शाळांतले शंभर-शंभर घेण्यापेक्षा १६ शाळांतले पंचवीस-पंचवीस घ्या. मुलं तेवढीच, बळ खूप जास्त. फेऱ्या मात्र चौपट.

त्या फेऱ्यांसाठी तुमची शाळा सकाळची असणं उपयोगी आहे. दुपारच्या पाळीच्या शाळा निवडा, १:३० नंतर स्कूटरवर मांजलपूर, गोरवा, कारेलीबाग कुठेही पोचता येतं. परवानग्या वेगवेगळ्या दारांतून येतात. महापालिकेच्या प्राथमिक शाळा नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे, माध्यमिकसाठी जिल्हा शिक्षणाधिकारी, खासगी इंग्रजी शाळेत थेट आचार्य आणि ट्रस्ट. अर्जाला चाचणीची प्रत, किती मिनिटं लागतील ते, आणि मुलांची नावं छापली जाणार नाहीत याची हमी जोडा. मुलं लहान आहेत, पालकांचं संमतिपत्र गुजराती आणि मराठी दोन्हीत लागेल. ते दप्तरातून जाऊन परत येईपर्यंत आठवडा जातो. चाळीसातली पंचवीस-तीस परत आली तर समाधान माना, आणि नमुना ठरवताना ही गळती आधीच धरा.

कॅलेंडर भिंतीवर लावा. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा प्रवेशाची गडबड. जुलै ते सप्टेंबर ही पहिली खिडकी. नवरात्र लागलं की बडोद्यात मुलं रात्री गरब्याला आणि दिवसा डुलक्या घेत, त्या नऊ दिवसांतलं श्रुतलेखन काही मोजत नाही. मग सत्रपरीक्षा, दिवाळीची सुट्टी. दुसरी खिडकी नोव्हेंबरच्या शेवटापासून उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत. फेब्रुवारीपासून बोर्डाच्या परीक्षांमुळे आचार्य तुम्हाला वर्गात पाऊल टाकू देणार नाहीत. निवडणुकीचं वर्ष असेल तर सरकारी शाळांतले शिक्षक बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामावर जातात, तेही बघा. म्हणजे वर्षात कामाचे पाच महिने. १६ शाळांना ते पुरतात, पण एक खिडकी चुकली की अख्खं सत्र जातं.

एक तास ३५ मिनिटांचा असतो. कागद वाटणं, नाव-क्रमांक, सूचना यात ८ मिनिटं जातात. तीन प्रकारचं लेखन एका तासात कोंबू नका, दोन दिवसांत घ्या.

शोधगंगेकाठी

सरासरीचा_शत्रू यांच्याशी एका बाबतीत मतभेद. १६ शाळा अर्धवेळ, एकट्या बाईने? १० ठेवा आणि प्रत्येकीत ३०, असं सल्लागार समितीपुढे मांडा. समितीने एकदा १६ मंजूर केल्या की नंतर कमी करायला पुन्हा अर्ज आणि स्पष्टीकरण लागतं. वाढवायला कुणी नको म्हणत नाही.

आणि उसनवारीच्या (वाङ्मयचौर्याच्या) तपासणीचं विसरू नका. २०१८ च्या नियमाने १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० पर्यंत गेलं तर दुरुस्त करून ६ महिन्यांत पुन्हा द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर बंदी, ६० च्या वर नोंदणीच रद्द. अर्धवेळवाल्यांचं साम्य वाढतं ते दुसऱ्या प्रकरणात, आधीच्या संशोधनाच्या आढाव्यात. रात्री ११ ला थकून कुणाचा तरी सारांश "तात्पुरता" चिकटवलेला असतो आणि तीन वर्षांनी तो स्वतःचाच वाटतो. चिकटवलेलं सगळं पहिल्या दिवसापासून वेगळ्या रंगात ठेवा.

कोठीचं_दफ्तर

शाळांच्या फेऱ्या जमणार नसतील तर तिसरा पर्याय सुचवतो: शिक्षणाचा इतिहास. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या बडोदा राज्यात लागू केलं. १९१० मध्ये विल्यम बोर्डेन या ग्रंथपालाला अमेरिकेतून आणून वाचनालयांची व्यवस्था उभी केली. यावर ठोकळ लिखाण पुष्कळ आहे. एखाद्या महालातली (तालुक्यातली) गैरहजेरीची दंडवसुली, मुलींच्या शाळांतली गळती, मास्तरांच्या बदल्या असं बारीक कमीच. त्या काळातलं बडोद्याचं दफ्तर मराठी, गुजराती, इंग्रजी असं मिसळलेलं, जुन्या कागदांत मोडीही. मोडी वाचायला शिकलात तर तुमच्याशी स्पर्धा करणारे फार कमी.

फायदा असा की नमुना नाही, पालकांची संमती नाही, नवरात्र आडवं येत नाही. तोटा असा की अभिलेखागार कचेरीच्या वेळेत उघडं, म्हणजे दुपारी जाऊन हाती दोन-तीन तास. एक फाईल मागवून हातात येईपर्यंतच त्यातला अर्धा तास जातो. आदल्या दिवशी मागणीचिठ्ठी देऊन ठेवायची सवय लागते. आणि सुट्टीत, जेव्हा तुम्ही मोकळ्या, तेव्हा तेही बंद. मोडीचा हात बसायला रोज अर्धा तास धरून सहा-आठ महिने द्या, तेही नोंदणीच्या आधी.

वाघोडिया_रोड

मोडी मोह पाडतेय, पण गुजराती लेखनाचाच विषय घेते असं वाटतंय. बी.एड. कॉलेजांच्या जाहिरातींकडेही आता लक्ष ठेवीन. अडकतंय ते पत्रातल्या तिसऱ्या वाक्यापाशी. मंत्री म्हणाले, "मोकळं करू असं लिहून दिलं तर सगळेच मागायला येतील."

जावक_क्रमांक

त्यांची भीती रास्त आहे, तिचा मान ठेवूनच मसुदा तुम्ही करून न्या. वाक्य असं: "कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी आवश्यकता भासल्यास, संस्थेच्या नियमांनुसार व बिनपगारी रजेच्या अटीवर, एका सत्रापुरते कार्यमुक्त करण्यात येईल." एक सत्र आणि बिनपगारी हे शब्द दिसले की ट्रस्टला पैशाचा धोका राहत नाही, आणि विद्यापीठाला हवं असलेलं आश्वासनही येतं. सोबत दुसऱ्या कागदावर तुमच्या तासिका कोण घेईल ते नावानिशी लिहून द्या. बहुतेक नकार रजेला नसतो, बदली शिक्षक शोधण्याच्या कटकटीला असतो.

पत्र इंग्रजीत करा, विद्यापीठात तेच चालेल. तारीख अर्जाच्या महिन्यातली हवी, जुनी नको. मूळ प्रत सोडू नका, साक्षांकित झेरॉक्स द्या आणि मूळ दाखवा. आणि जावक रजिस्टरमध्ये नोंद झाली का, ते लिपिकाच्या टेबलाशी उभं राहून बघा.

वाघोडिया_रोड

सोमवारी मसुदा घेऊन जाते. तासिकांसाठी दोघींशी आजच बोलले, एक तयार आहे.